विश्लेषण : तिकीट काढून गाणे ऐकण्याची सवय शहरांना कशी लागली? विष्णु दिगंबर पलुसकरांनी मैफल लोकांपर्यंत कशी नेली?

आज मुंबई-पुण्यात शास्त्रीय गायनाची मैफल ऐकायची तर मोबाइलवर तिकीट काढायचे आणि ठरलेल्या वेळी सभागृहात जाऊन बसायचे, इतके ते सोपे आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी हे जवळपास अशक्य होते. उत्तम गाणे राजवाड्यात, सावकाराच्या दिवाणखान्यात किंवा गणिकेच्या कोठीवर होत असे. तिथे आमंत्रण नसेल तर सामान्य माणसाने दाराबाहेर थांबायचे. हे दार उघडणाऱ्यांत पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांची जयंती १८ ऑगस्टला आणि पुण्यतिथी २१ ऑगस्टला, म्हणजे एकाच आठवड्यात येते. लाहोर आणि मुंबई या दोन शहरांत त्यांनी श्रोता घडवला, गायकाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि त्यासाठी बांधलेली इमारत मात्र गमावली. त्यांनी नेमके काय केले, त्यांचे काय चुकले आणि आज त्यातले काय उरले आहे?

कुरुंदवाडचा मुलगा गाण्याकडे कसा वळला?

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड या छोट्या संस्थानात झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. सूर, ताल आणि निरूपण घरातच कानावर पडत होते, पण मुलाने इंग्रजी शिकून नोकरी करावी असाच त्या काळच्या ब्राह्मण घरातला कल होता. लहानपणी जवळच्या नृसिंहवाडीत दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने त्यांचा चेहरा भाजला आणि डोळ्यांना कायमची इजा झाली. वाचन अवघड झाले आणि शाळेची वाट बंद झाली. गळा चांगला होता, म्हणून त्यांना गाणे शिकायला मिरजेला धाडण्यात आले.

मिरजेत त्यांना गुरू लाभले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे खडतर परिस्थितीत शिकून ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे हे बुवा शिस्तीचे कडक होते. मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय असल्याने विष्णूच्या खाण्यापिण्याची ददात नव्हती. सुमारे नऊ वर्षे त्यांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत मेहनत केली. आवाज तयार झाला, पेशकारी पक्की झाली आणि दरबारी गवई म्हणून सुखाचे आयुष्य समोर दिसू लागले.

मग दरबार का सोडला?

चरित्रकार यासंदर्भात एक प्रसंग सांगतात. मिरजेतील एका सार्वजनिक समारंभाला संस्थानिकांच्या मर्जीतला म्हणून विष्णु दिगंबरांना बोलावणे आले. गुरू बाळकृष्णबुवांना आणि इतर गवयांना ते आले नाही. गवई हा गाण्यापुरता बोलवायचा माणूस, गावातल्या प्रतिष्ठितांच्या पंगतीत त्याला जागा नाही, हा त्यामागचा अर्थ तरुण शिष्याला झोंबला.

ही एका गावाची गोष्ट नव्हती. गाण्याचे भरभरून कौतुक आणि गाणाऱ्याची उपेक्षा असे विचित्र समीकरण देशभर होते. मुलाने गाणे शिकणे म्हणजे वाया जाणे आणि मुलीने शिकणे म्हणजे बदनाम होणे, असा मध्यमवर्गाचा समज होता. कलावंताला बिदागी मिळे, पण ती धन्याच्या मर्जीवर. धनी गेला किंवा मर्जी फिरली, की गवयाच्या घरची चूल विझे. या अवलंबित्वातून सुटायचे तर आश्रयदाता बदलून भागणार नव्हते. राजाच्या जागी लोकांना आणावे लागणार होते. १८९६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, दोन साथीदारांसह विष्णु दिगंबर मिरजेतून बाहेर पडले.

तिकीट लावून जलसा, हा बदल इतका मोठा का?

औंध, सातारा, बडोदा अशी गावे करत ते सौराष्ट्रात पोहोचले. संस्थानिकांपुढे ते गायलेच, बडोद्यात राजघराण्यानेही त्यांचे गाणे ऐकले. पण सौराष्ट्रात त्यांनी एक वेगळा प्रयोग केला. सार्वजनिक जागी तिकीट लावून त्यांनी जलसा केला. कुलीन घरातल्या गवयाने गाण्यासाठी लोकांकडून उघडपणे पैसे घ्यायचे, हे अनेकांना नाटक-तमाशासारखे वाटले. कला विकायला काढली, अशी टीकाही झाली.

तिकिटामुळे मैफलीचे आतले व्यवहार बदलले. खासगी बैठकीत केव्हा गायचे, काय गायचे आणि कुठे थांबायचे हे यजमान ठरवी. मधेच पानसुपारी येई, गप्पा चालत, आवडती ठुमरी गाण्याचे फर्मान सुटे. तिकिटाच्या जलशात वेळ आधी जाहीर होऊ लागली आणि गाण्याचा क्रम गायकाच्या हाती आला. दाम मोजून आलेला कारकून आणि सावकार एकाच गाण्याचे सारखेच धनी झाले. विष्णु दिगंबर वेळेचे विलक्षण पक्के होते. जलसा ठरल्या मिनिटाला सुरू करण्याकडे त्यांचा कटाक्ष असे. श्रोत्यांनी शांत बसावे, बोलू नये, असाही आग्रह असे. ख्याल ते आटोपशीर गात आणि शेवटी भजन घेत. रागदारीची सवय नसलेला माणूसही त्यामुळे तृप्त होऊन घरी जाई.

पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असा प्रवास झाला. मथुरेत त्यांनी ब्रजभाषा आणि धृपदाचा अभ्यास केला. प्रवासात त्यांच्या लक्षात आले, की एकट्याने गावोगाव गाऊन लोकांचा कान तयार होणार नाही. त्यासाठी शाळा हवी.

लाहोरच का?

पंजाबात त्या काळी आर्य समाज, ब्राह्मो समाज अशा सुधारणावादी चळवळींमुळे शिकलेला, नवे काही स्वीकारणारा वर्ग तयार झाला होता. ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी बडोद्यात १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली सयाजीराव महाराजांनी गायनशाळा काढली होती, पण ती संस्थानच्या खजिन्यावर चाले. लाहोरच्या शाळेचा मुख्य आधार वर्गणी, देणग्या आणि स्वतः पंडितजींच्या जलशांचे उत्पन्न हा होता.

सुरुवातीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. पंडितजी ठरल्या वेळी वर्गात येत, तंबोरा लावत आणि एकटेच रियाज करत. हळूहळू मुले आली आणि मग मुलीही. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग काढणे हे त्या काळी धाडस होते. वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र या साऱ्या इंग्रजी शाळेतल्या गोष्टी त्यांनी गाण्यात आणल्या. स्वतःची स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके छापली, मासिक काढले. छापखाना आणि वाद्यांच्या दुरुस्तीचा कारखानाही उभारला. उस्तादाच्या मर्जीने, वर्षानुवर्षे सेवा करून मिळणारी विद्या आता फी भरून, ठरावीक वेळेत मिळू लागली.

यातला सर्वांत दूरदृष्टीचा भाग होता उपदेशक वर्ग. निवडक गरीब मुलांना जेवणखाण आणि शिक्षण मोफत, पण नऊ वर्षे राहण्याची अट आणि बाहेर पडल्यावर संगीताचा प्रसार करण्याची जबाबदारी, अशी ती योजना होती. पंडितजींना फक्त गायक नको होते, गावोगाव शाळा काढणारे शिक्षक हवे होते.

मुंबईत त्यांना काय सापडले?

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. हे शहर संगीतासाठी ओसाड नव्हते, उलट गाण्याने गजबजलेले होते. भेंडीबाजारात उत्तरेतून आलेल्या छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ या बंधूंचे घराणे रुजले होते. ग्रँट रोड, फोरास रोड, केनेडी ब्रिज या भागांत गणिकांच्या मैफली होत. गोव्याहून आलेल्या कलावंत घराण्यांतील स्त्रिया मोठमोठ्या उस्तादांकडे शिकत होत्या. अंजनीबाई मालपेकर तर तरुणपणीच नावारूपाला आल्या होत्या. पारशी मंडळींनी १८७० मध्ये स्थापन केलेली गायन उत्तेजक मंडळी होती. त्याच मंडळीत पुढे विष्णु नारायण भातखंडे यांनी अभ्यासाचा पाया घातला. गिरगावात मराठी संगीत नाटकाचा प्रेक्षक होता आणि नाट्यपदांमधून त्याचा कान घडत होता.

म्हणजे गाणारे होते, शिकवणारे होते आणि आवड असणारेही होते. पण हे सगळे वेगवेगळ्या गल्ल्यांत विभागलेले होते. गिरगावच्या चाळीतला नोकरदार भेंडीबाजारात उस्तादाच्या घरी जाणार नव्हता, आणि त्याच्या बायको-मुलींना तर कुठेच प्रवेश नव्हता. विष्णु दिगंबरांच्या विद्यालयाने या कुटुंबांना एक जागा दिली. तिथे शिकता येत होते, ऐकता येत होते आणि पोरीबाळींना घेऊन बसता येत होते. वार्षिक समारंभात विद्यार्थ्यांचे गायन-वादन होई आणि आपले मूल गाताना पाहण्यासाठी सारे घर येई. संगीताला मध्यमवर्गीय घरात शिरायला वाट मिळाली ती अशी. आपल्याला तानसेन घडवायचे नाहीत, कानसेन घडवायचे आहेत, असा त्यांचा आशय नेहमी सांगितला जातो. जाणकार श्रोते नसतील तर मोठा गायकही टिकत नाही, हे त्यांना दरबारात राहूनच कळले होते.

१९१० च्या दशकात सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची भव्य वास्तू उभी राहिली. वर्ग, वसतिगृह, जलशांची जागा असे सारे एका छपराखाली आले. १९१६ मध्ये भातखंडे यांनी बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरवली होती. त्यानंतर विष्णु दिगंबरांनीही मुंबईत संगीत परिषदा घेतल्या. भातखंडे रागांचे शास्त्र आणि पद्धत लिहीत होते, तर पलुसकर ते गाणे शाळेत, सभेत आणि घराघरांत नेत होते. दोघांच्या स्वरलिपी वेगळ्या, मते वेगळी आणि एकमेकांविषयी फारसे प्रेमही नव्हते. पण शहराला दोघांचाही फायदा झाला.

विद्यालयाची इमारत का गेली?

इमारत कर्जावर उभी होती. फी कमी होती. उपदेशक वर्गातील मुलांकडून काहीच घेतले जात नव्हते, उलट त्यांचा खर्च संस्थेवर होता. कर्जाचे हप्ते आणि व्याज फेडण्यासाठी पंडितजी देशभर दौरे करत आणि जलशांचे पैसे मुंबईला पाठवत. संस्थेचा सारा आर्थिक डोलारा एका माणसाच्या गळ्यावर उभा होता.

त्यातच त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. अनेक अपत्ये लहानपणीच दगावली होती. मन रामभक्तीकडे वळत चालले होते. भगवी वस्त्रे आणि रामनामाची धून ही त्यांची ओळख झाली. रागदारीचा जलसा ऐकायला येणाऱ्यांना भजन ऐकावे लागे आणि दौऱ्यांचे उत्पन्न पूर्वीसारखे राहिले नाही. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. १९२४ च्या सुमारास धनकोंनी मुंबईची वास्तू ताब्यात घेतली आणि तिचा लिलाव झाला. सोळा वर्षांची मेहनत, जलशांची जागा आणि शेकडो मुलांचे विद्यालय हातचे गेले. पंडितजी काही शिष्यांना घेऊन नाशिकला राहू लागले.

या काळातही सार्वजनिक व्यासपीठ सुटले नव्हते. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी गायनाला हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी गीत पूर्ण केले. महात्मा गांधींच्या प्रार्थनेतून देशभर पोहोचलेल्या रामधुनीच्या चालीचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. वयाची ५९ वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते, तेव्हा २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. ज्या गावातून त्यांनी वाट धरली होती, तिथेच ती संपली.

त्यांच्या कामावर आक्षेप कोणते?

विष्णु दिगंबरांनी संगीत सभ्य केले, असे गौरवाने म्हटले जाते. पण सभ्य कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न अलीकडचे अभ्यासक विचारतात. शृंगारिक बंदिशींचे शब्द बदलून त्यांनी भक्तिपर शब्द घातले. प्रार्थना, शिस्त आणि गुरुकुलाचे वातावरण यामुळे विद्यालयाला स्पष्ट हिंदू धार्मिक रंग आला. ज्या मुस्लिम उस्तादांनी ख्याल पिढ्यान्‌पिढ्या जपला आणि ज्या गणिकांनी ठुमरी-दादरा जिवंत ठेवला, त्यांना या नव्या घरात सन्मानाची जागा मिळाली नाही. मध्यमवर्गीय मुली गाऊ लागल्या त्याच काळात पेशेवर गायिकांकडे पाहण्याची नजर अधिक कठोर झाली. एकासाठी दार उघडताना दुसऱ्यासाठी ते लोटले गेले.

दुसरा आक्षेप शिक्षणपद्धतीवर आहे. वर्गात पंचवीस मुलांना एकाच वेळी शिकवून, परीक्षा घेऊन गवई तयार होत नाही, असे घराण्यांतील गायक म्हणत आले आहेत. त्यात तथ्य आहे. पण त्यांचे जे शिष्य मोठे झाले ते उपदेशक वर्गासारख्या दीर्घ सहवासातूनच झाले, हेही तितकेच खरे. म्हणजे गुरू-शिष्य परंपरा त्यांनी मोडली नाही, तिच्याभोवती शाळा बांधली.

इमारत गेल्यावर काय उरले?

माणसे उरली. ओंकारनाथ ठाकूर यांनी १९१६ पासून लाहोरचे विद्यालय सांभाळले आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालय उभे केले. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. नारायणराव व्यास यांचे गाणे ध्वनिमुद्रिकांमधून घरोघर गेले. मुलगा द. वि. पलुसकर वडील गेले तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे विनायकराव आणि इतर शिष्यांनीच शिकवले. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात तो देशातील अग्रगण्य गायकांत गणला गेला. गुरूंच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षा आजही महाराष्ट्रातील असंख्य मुले देतात.

मुंबईपुरते पाहिले तर सर्वांत बोलके उदाहरण बा. र. देवधर यांचे. १९२५ मध्ये, म्हणजे गुरूंची वास्तू गेल्यानंतर लगेचच, त्यांनी गिरगावात स्वतःचे संगीत विद्यालय काढले. ऑपेरा हाऊसजवळची ती जागा पुढे शहरातल्या गवयांचा अड्डा झाली. घराणे, धर्म, प्रांत न पाहता तिथे कलावंत येत, बसत, गात. गुरूंच्या विद्यालयात जे राहून गेले होते ते शिष्याने भरून काढले. १९३६ मध्ये देवधरांनी जीना हॉलमध्ये भरवलेल्या संगीत परिषदेत बेळगावकडचा एक अकरा वर्षांचा मुलगा गायला आणि रातोरात मुंबईकरांच्या तोंडी त्याचे नाव झाले. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. त्याला ऐकायला आलेला श्रोतृवर्ग तोच होता, ज्याचा कान तयार करण्यात विष्णु दिगंबरांनी आयुष्य घालवले होते.

आजच्या शहरांसाठी याचा अर्थ काय?

पहिला मुद्दा जागेचा. मुंबईसारख्या शहरात संगीताची संस्था बंद पडते ती बहुधा कलावंत नाहीत म्हणून नव्हे, तर भाडे, कर्ज आणि देखभाल परवडत नाही म्हणून. १९२४ चा लिलाव हे त्याचे जुने उदाहरण. एका लोकप्रिय कलावंताच्या दौऱ्यांवर संस्था चालत नाही. सभासदांची नियमित वर्गणी, विश्वस्त मंडळ आणि राखीव निधी असेल तरच ती टिकते. गावोगावची संगीत मंडळे नेमकी याच पायावर तगून आहेत.

दुसरा मुद्दा नियमांचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. रुग्णालये, अभ्यास करणारी मुले आणि शेजारी यांचा विचार करता नियम रास्त आहे. पण त्यामुळे पुण्यात १९५३ पासून होणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या रात्रभराच्या मैफली संपल्या आणि उत्तररात्रीचे राग प्रत्यक्ष ऐकण्याची संधी दुर्मीळ झाली. बंदिस्त, ध्वनिरोधक आणि परवडणाऱ्या भाड्याची छोटी सभागृहे हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय ठरतो.

तिसरा मुद्दा श्रोत्याचा. मैफल फुकट असावी, प्रायोजकाने खर्च करावा आणि आपल्याला पास मिळावा, ही अपेक्षा आजही जात नाही. प्रायोजक म्हणजे जुन्या धन्याचेच नवे रूप. त्याची मर्जी फिरली की कार्यक्रम बंद. तिकीट काढणारा श्रोता मात्र गायकाला कोणाच्याही मर्जीतून मोकळा करतो. सौराष्ट्रातल्या त्या पहिल्या जलशात टीका सोसून विष्णु दिगंबरांनी मांडलेला हिशेब हाच होता. जवळच्या मंडळाची वर्षाची वर्गणी भरणे, नवोदितांच्या मैफलीचे तिकीट काढणे, घरातल्या मुलाला सोबत नेणे आणि वेळेवर जाऊन बसणे, इतक्या साध्या गोष्टींवर शहराचे गाणे टिकते.